दोन वर्षे दम्याचा पंप, आणि गाठ निघाली श्वासनलिकेत

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहतो. माझी आई 48 वर्षांची असून बरीच वर्षे तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. तिने बिडी-सिगारेट कधी ओढलेली नाही, मात्र रोज मिश्री लावते. दोन वर्षांपासून तिला धाप लागते आणि छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. वखारीतल्या धुळीने दमा झाला असे समजून पंप सुरू होता. मधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या की काही दिवस बरे वाटायचे. छातीचा एक्स-रे दोनदा काढला, दोन्ही वेळा तो ‘नॉर्मल’ आला. गणपतीत धाप फार वाढली म्हणून सीटी स्कॅन केला. त्यात श्वासनलिकेच्या खालच्या भागात, मागच्या भिंतीला लागून 13 मिलिमीटरची गुळगुळीत गाठ दिसली. तिथे हवेची वाट 6 मिलिमीटर उरली आहे. गाठ साधी वाटते, पण दुर्बिणीने पाहून तुकडा काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणतात. काकांचे म्हणणे, गाठीला हत्यार लागले की ती चिघळते आणि पसरते. चिकोडीकडच्या एका वैद्यांनी गाठ विरघळवणारा काढा दिला आहे. बहिणीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. तोवर काढा देऊन पाहावे आणि लग्न आटोपून मोठ्या रुग्णालयात जावे का? आईला गाठीविषयी अजून काही सांगितलेले नाही.

उत्तर : आपले पत्र आणि सोबत पाठवलेला अहवाल मी काळजीपूर्वक वाचला. आईंना मी प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे उपचाराचा अंतिम निर्णय त्यांना तपासणारे डॉक्टरच घेतील. परंतु आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी अहवालातील एकच आकडा पुरेसा आहे : लग्न होईपर्यंत थांबू नये. या आठवड्यातच रुग्णालय ठरवावे.

तो आकडा म्हणजे उरलेली 6 मिलिमीटरची वाट. प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते आणि तिची आतली रुंदी स्त्रियांमध्ये सुमारे दीड सेंटिमीटर असते. एवढी जागा नेहमीच्या श्वासाला लागते त्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे गाठ निम्मी वाट अडवीपर्यंत माणसाला फारसे काही जाणवत नाही. वाट 8 मिलिमीटरच्या आसपास आली की चढावर किंवा ओझे उचलताना धाप लागते, आणि ती 5 मिलिमीटरच्या जवळ गेली की बसल्या जागीही घरघर ऐकू येते. आपल्या आई या दोन टप्प्यांच्या मधे आहेत. शिवाय नळी अरुंद होते त्याच प्रमाणात हवेला होणारा अडथळा वाढतो असे नाही. हवा अगदी सुरळीत वाहते असे धरले तरी नळीची त्रिज्या निम्मी झाल्यावर तो सोळापट होतो, आणि हवा भोवऱ्यांसारखी फिरू लागली तर त्याहूनही जास्त. म्हणूनच दोन वर्षे हळूहळू वाढलेला त्रास शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एकदम वाढल्यासारखा वाटतो. अशा अवस्थेत गाठ मुळीच वाढली नाही, तरी सर्दीने आलेली थोडी सूज किंवा कफाचा एक घट्ट गोळा उरलेली वाट बंद करण्यास पुरेसा असतो. गाठ कर्करोगाची नसली तरी हा धोका तितकाच राहतो, कारण गाठ कोणत्या पेशींची आहे यापेक्षा ती कोठे बसली आहे आणि किती जागा व्यापते आहे यावर तो अवलंबून असतो.

गाठ असताना दम्याचे निदान कसे झाले, याचा आपल्याला राग आला असेल. तो समजण्यासारखा आहे, तरीही ही चूक जगभर होत आलेली आहे आणि तिची कारणे या आजारातच आहेत. श्वासनलिकेतील गाठी मुळातच दुर्मीळ, तर दम्याचे रुग्ण गल्लोगल्ली. एक्स-रेमध्ये श्वासनलिका पाठीचा कणा आणि छातीच्या मध्यभागातील इतर अवयवांच्या सावलीत जाते, त्यामुळे एवढी गाठ त्यात बहुधा दिसतच नाही. त्यातून गाठ नळीच्या छातीतील भागात असेल तर श्वास सोडताना ती नळी आणखी आवळते आणि आवाजही श्वास सोडतानाच जास्त येतो, म्हणजे तंतोतंत दम्यासारखा. स्टिरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरते आणि औषध लागू पडले असे सर्वांनाच वाटते. निपाणीत तर तंबाखूच्या धुळीचे तयार कारण प्रत्येकाच्या हाताशी असते. फरक ओळखण्याच्या काही खुणा मात्र आहेत, आणि हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी त्या सांगून ठेवतो. दम्याचा त्रास कमी-जास्त होत राहतो, मधले काही दिवस पूर्ण चांगले जातात, आणि आवाज दोन्ही फुप्फुसांत सर्वत्र येतो. गाठीचा त्रास सलग वाढत जातो, आवाज गळ्याशी स्टेथोस्कोप लावला असता सर्वांत मोठा ऐकू येतो, कूस बदलली की काही जणांत तो बदलतो, आणि पंपाने म्हणावा तसा उतार पडत नाही. फुंकर मारून करायच्या श्वासचाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, जो वक्र निघतो त्याचा माथा अशा रुग्णांत सपाट झालेला दिसतो. नियमित पंप घेऊनही ज्यांचा ‘दमा’ हटत नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना हा वक्र एकदा मुद्दाम पाहण्याची विनंती करावी.

आता गाठीच्या जातीविषयी. श्वासनलिकेत मुळातूनच उद्भवणाऱ्या गाठींपैकी लहान मुलांमधील बहुसंख्य साध्या असतात, परंतु प्रौढांमध्ये प्रमाण उलटे आहे आणि अर्ध्याहून अधिक गाठी कर्करोगाच्या निघतात. हे वाचून घाबरण्याचे कारण नाही, कारण आपल्या आईंच्या अहवालात काही गोष्टी अनुकूल आहेत. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आहे, तिच्या कडा गुळगुळीत आहेत, आसपासच्या लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत, आणि धूम्रपानाशी निगडित असलेला श्वासनलिकेचा जो नेहमीचा कर्करोग आहे त्याला साजेसे हे चित्र नाही. साध्या गाठींमध्ये स्नायूंच्या पेशींपासून झालेला लायोमायोमा हा नळीच्या खालच्या तिसऱ्या भागात, मागच्या पडद्यासारख्या भिंतीतच अधिक आढळतो, कारण मऊ स्नायू तिथेच असतात. आईंच्या गाठीची जागा नेमकी तीच आहे. मज्जातंतूच्या आवरणापासून होणारा श्वानोमा, रक्तवाहिन्यांनी भरलेला ग्लोमस ट्यूमर, लाळग्रंथींसारख्या ग्रंथींतून होणारा प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा, चामखिळीसारखा पॅपिलोमा, हेही या यादीत येतात. कूर्चेच्या गाठीत चुन्याचे कण आणि चरबीच्या गाठीत चरबीची घनता सीटीत दिसून येते, पण आपल्या अहवालात या दोन्हींचा उल्लेख नाही.

एवढे असूनही केवळ चित्र पाहून गाठ साधी ठरवून मोकळे होता येत नाही, आणि याला एक ठोस कारण आहे. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाचा एक कर्करोग आहे. तो धूम्रपान न करणाऱ्यांनाही होतो, चाळिशी-पन्नाशीत आढळतो, वर्षानुवर्षे संथपणे वाढतो आणि वरचे अस्तर शाबूत ठेवून आतून पसरत असल्यामुळे दिसायला गुळगुळीत असू शकतो. कार्सिनॉइड नावाची गाठही अशीच सौम्य दिसते, परंतु तिची गणना पूर्णपणे साध्या गाठींत होत नाही. या दोन्हींची शस्त्रक्रिया साध्या गाठीपेक्षा वेगळ्या बेताने करावी लागते. म्हणून तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेलाच पाहिजे.

काकांची भीती आपल्याकडे घरोघरी आढळते आणि तिच्यामुळे कितीतरी रुग्ण उपचाराची योग्य वेळ गमावून बसतात. दुर्बिणीतून तुकडा काढल्याने साध्या गाठीचा कर्करोग होत नाही, आणि असलेला कर्करोग त्यामुळे अंगभर पसरत नाही. अशी उदाहरणे सांगितली जातात त्यात बहुधा आजार आधीच पुढे गेलेला असतो आणि तपासणीनंतर तो उघडकीस येतो, एवढेच. मात्र तुकडा काढण्यात एक वेगळा, खरा धोका आहे आणि त्याबद्दल मी काकांपेक्षाही अधिक आग्रही राहीन. ग्लोमस ट्यूमर किंवा कार्सिनॉइडसारख्या गाठींना हात लागताच भरपूर रक्त येऊ शकते, आणि जिथे अवघी 6 मिलिमीटरची वाट उरली आहे तिथे थोडे रक्त किंवा थोडी सूजही श्वास अडवू शकते. झोपेचे औषध दिल्यावर स्नायू सैल पडतात तेव्हाही हा धोका वाढतो. म्हणून बाह्यरुग्ण विभागात, लवचिक दुर्बिणीने, घाईघाईत तुकडा काढून घेण्यास या रुग्णाच्या बाबतीत संमती देऊ नये. आधी शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन हाताशी असावा, त्यावरून गाठीला रक्तपुरवठा किती आहे याचा अंदाज येतो. नंतर शस्त्रक्रियागृहात, अनुभवी भूलतज्ज्ञाच्या उपस्थितीत आणि रिजिड ब्रॉन्कोस्कोप तयार ठेवून तपासणी व्हावी. रिजिड ब्रॉन्कोस्कोप ही धातूची सरळ, पोकळ नळी असते. तिच्यातूनच रुग्णाला प्राणवायू देता येतो, रक्त ओढून घेता येते आणि गाठ कापूनही काढता येते. पुष्कळदा तुकडा घेणे आणि वाट मोकळी करणे ही दोन्ही कामे एकाच भुलेत उरकतात. गुस्ताव किलियन या जर्मन वैद्याने 1897 मध्ये अशाच सरळ नळीतून श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा काढला होता. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी जपानमध्ये शिगेतो इकेदा यांनी लवचिक दुर्बीण आणली, तरीही अरुंद झालेल्या श्वासनलिकेसाठी या जुन्या नळीची गरज संपलेली नाही.

पुढचा उपचार गाठीच्या देठावर ठरतो. गाठ बारीक देठाने लोंबत असेल आणि साधी ठरली, तर विजेच्या फासाने, लेसरने किंवा अतिशीत तंत्राने ती दुर्बिणीतूनच काढता येते आणि छाती उघडावी लागत नाही. लेसर किंवा विजेचा वापर करताना श्वासमार्गात आग लागू नये म्हणून प्राणवायूचे प्रमाण 40 टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. वाट अरुंद असताना हे साधणे कठीण, म्हणूनच अनुभवी भूलतज्ज्ञाचा एवढा आग्रह. गाठीचे बूड रुंद असेल, किंवा ती हिमनगाप्रमाणे थोडी आत आणि बरीच नळीच्या भिंतीबाहेर असेल, तर दुर्बिणीतून काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा वाढू शकते. अशा वेळी नळीचा तेवढा तुकडा कापून दोन्ही टोके एकमेकांस जोडण्याची शस्त्रक्रिया करतात. अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हर्मीस ग्रिलो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शस्त्रक्रियेची पद्धत बसवून दिली. प्रौढ माणसाच्या श्वासनलिकेची जवळजवळ निम्मी लांबी काढूनही टोके जोडता येतात, आणि आईंच्या बाबतीत तर दोन-तीन सेंटिमीटरचाच प्रश्न आहे. जोडावर ताण येऊ नये म्हणून काही शल्यचिकित्सक हनुवटी छातीकडे झुकलेली राहील असा एक टाका घालून सुमारे आठवडाभर ठेवतात. हे पाहून नातेवाईक हादरतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. साध्या गाठीसाठी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, कायमचा बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, कारण त्याच्या टोकांशी मांस वाढून पुन्हा वाट अरुंद होऊ शकते.

काढ्याने श्वासनलिकेतील गाठ विरघळत नाही. पोटात घेतलेले असे कोणतेही औषध मला ठाऊक नाही, मग ते कोणत्याही पद्धतीचे असो. वैद्यांविषयी अनादर न करता तो काढा बंद करावा, कारण त्यातील काही घटकांमुळे रक्त पातळ होण्याची शक्यता असते आणि पुढे शस्त्रक्रिया आहे. सुरू असलेला पंप सध्या तसाच चालू द्यावा. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नयेत. त्यांनी येणारा उतार फसवा असतो. तसेच त्या बराच काळ घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नयेत. कोणत्या गोळ्या, किती दिवस दिल्या, हे कागदावर लिहून भूलतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

तंबाखूचे काय, असे आपण विचारले नसले तरी ते मनात असणार. वखारीतील धूळ किंवा मिश्री यांमुळे लायोमायोमा वा श्वानोमासारख्या गाठी होतात असा पुरावा नाही, तेव्हा आईंनी स्वतःला दोष देऊ नये. पॅपिलोमा निघाल्यास त्याचे कारण एचपीव्ही विषाणूच्या 6 आणि 11 या जाती हे असू शकते, आणि तो पुन्हा पुन्हा उद्भवण्याची खोड असलेला आजार आहे. मिश्री मात्र तोंडाच्या कर्करोगाचे कारण आहे आणि ती सुटली पाहिजे. शस्त्रक्रियेचे निमित्त त्यासाठी चांगले आहे. जखम भरेपर्यंत वखारीत पाऊल टाकू नये, आणि नंतर जावे की नाही हे घरच्या परिस्थितीनुसार ठरवावे. आईंच्या फुप्फुसांच्या दृष्टीने मला विचाराल, तर मी नको म्हणेन.

रुग्णालय निवडताना नावाच्या मोठेपणावर जाऊ नये. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव थोडे लांब, आणि दोन्हीकडे सरकारी तसेच खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. जिथे जाल तिथे आधी फोन करून विचारावे की रिजिड ब्रॉन्कोस्कोपी येथे नियमितपणे होते का, छातीचे शल्यचिकित्सक कायम असतात की बोलावणे पाठवावे लागते, आणि श्वासनलिकेचा तुकडा काढून जोडण्याची शस्त्रक्रिया येथे झालेली आहे का. शेवटच्या प्रश्नाला नकार आला तर त्यांच्याकडूनच बंगळूर, पुणे किंवा मुंबई येथील मोठ्या केंद्राच्या नावे पत्र मागून घ्यावे. यात कमीपणा काही नाही, कारण ही शस्त्रक्रिया सर्वत्र होणारी नाही.

खर्चाच्या बाबतीत सीमाभागातील माणसाची नेहमी ओढाताण होते, ती टाळण्यासाठी आधी कागद गोळा करावेत. बीपीएल शिधापत्रिका असल्यास ‘आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक’ योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण तातडीची अवस्था नसेल तर खासगी रुग्णालयात जाण्यासाठी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते. म्हणून आधी निपाणीच्या सरकारी रुग्णालयात सीटीचा अहवाल दाखवून ते पत्र घ्यावे. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता, त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. कोल्हापूरला जाणार असाल तर तेथील योजना कक्षात आपल्या गावाचे नाव सांगून आणि कार्ड दाखवून खात्री करून घ्यावी, आणि मगच भरती व्हावे. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर ते मराठीत वाचून दाखवण्याची विनंती निःसंकोचपणे करावी. रुग्णाला समजेल अशा भाषेत संमती घेणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे.

यावरून आईंना न सांगण्याचा मुद्दा येतो. त्यांना सांगावे, आणि आजच सांगावे. संमतीपत्रावर सही त्यांची लागणार आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धोक्याची लक्षणे सर्वांत आधी त्यांनाच जाणवणार आहेत, आणि कारण माहीत नसेल तर त्या सवयीप्रमाणे दम्याचा झटका समजून पंप ओढत बसतील. ‘श्वासाच्या नळीत गाठ आहे, ती दिसायला साधी वाटते, पण तपासून खात्री करायची आहे आणि जागा अडवते म्हणून काढायची आहे’ एवढे सरळ सांगितले तरी पुरे. वखारीत इतकी वर्षे काबाडकष्ट केलेली बाई एवढे ऐकून कोसळेल, असे आपण समजू नये.

बसल्या जागी घरघर ऐकू येणे, एक वाक्य एका दमात पुरे न होणे, उताणे झोपता न येणे, खोकल्यातून रक्त पडणे, ओठ निळसर होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा किंवा अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे. तिथे दारातच पहिले वाक्य बोलावे : ‘श्वासनलिकेत गाठ आहे, सीटी सोबत आहे.’ हे न सांगितल्यास तातडीच्या कक्षात त्यांना दम्याचा रुग्ण समजून वाफेचे औषध देण्यात मौल्यवान वेळ जाण्याची शक्यता आहे. सीटीचा अहवाल आणि त्यातील मुख्य चित्रे घरातील किमान दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्यावीत, आणि रुग्णालय ठरेपर्यंत आईंना रात्री एकटे झोपू देऊ नये.

लग्नाचे म्हणाल, तर दुर्बिणीतून गाठ निघाली तर आई काही दिवसांत घरी येतील आणि मुहूर्तापर्यंत हिंडत्या-फिरत्या होतील. मोठी शस्त्रक्रिया करावी लागली तरी अडीच महिन्यांत त्या बहुतेक सावरलेल्या असतात, फक्त चूल, धूर आणि पाहुण्यांचे जेवण त्यांच्यावर टाकू नये. पुढे काही महिन्यांच्या अंतराने दुर्बिणीची तपासणी करावी लागेल, तिच्या तारखा चुकवू नयेत. काढलेल्या गाठीचे मेणात बसवलेले ठोकळे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या काचपट्ट्या रुग्णालयातून मागून घेऊन जपून ठेवाव्यात. अशा दुर्मीळ गाठींचे निदान कधी कधी पेशींना विशेष रंग देऊन केलेल्या चाचण्यांनंतरच पक्के होते, आणि दुसरे मत घ्यायचे झाल्यास आईंना पुन्हा दुर्बिणीखाली न नेता ते ठोकळे पाठवून काम भागते.